खिशात ठेवलेला डावा हात

रास अल खैमात थंडी आकाशातून येत नाही, बटणातून येते. आज पहाटे मी ए.सी.चं बटण बंद केलं आणि ती आली. सात-आठ महिने छातीवर बसून घरघरणारा तो डबा गप्प झाला, तसे एकेक आवाज खोलीत शिरायला लागले. आधी शेजारच्या पठाणाचा खोकला, मग सिमेंटच्या ट्रकचा भोंगा, मग चक्क कोंबडा. आमच्या गल्लीत कोंबडा आहे हे मला दरवर्षी नोव्हेंबरातच कळतं. आठ महिने बिचारा ओरडत असणार आणि आम्ही सगळे ए.सी.च्या पोटात झोपलेले.

बाहेर धुकं होतं. इथलं धुकं म्हणजे थट्टा नाही. एका वर्षी एवढं पडलं होतं की चहाचा कप मी माझ्या तोंडाला लावला आणि घोट मुश्ताकने घेतला. खोटं वाटत असेल तर मुश्ताकला विचारा. दापोलीकडचा माणूस, माझ्याहून दुप्पट थापाड्या, पण एवढं खरं सांगेल.

थंडी आली की माझा डावा हातही जागा होतो. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट. उन्हाळ्यात तो नुसता गुणगुणतो, थंडीत गायला लागतो. मी त्याला खिशात घालतो आणि कामाला निघतो. आजही तसाच निघालो. आणि क्लबच्या फाटकाशी धुक्यातून पितळेचा वास आला, तेव्हा ती थंडी आठवली. मशीन आलं, ती थंडी.

आमचा नेमबाजीचा क्लब गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. पुढच्या बाजूला काचा, कॉफी, खजूर, गोरे साहेब, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले अरब, शनिवार-रविवारी दुबईहून आलेली आपली मराठी कुटुंबंसुद्धा. मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली. तिला तीन कुलपं, कोपऱ्यात कॅमेरा, भिंतीवर परवान्याची चौकट. त्या खोलीत झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी परत भरतात. ती खोली म्हणजे मी आणि मुश्ताक.

गावी मी सांगून ठेवलंय की अख्ख्या आखाताचा दारूगोळा चौधरींच्या हातून जातो. गावाने ते मान्य केलंय. खरं इतकंच, की क्लबातल्या क्लबात लागणारी काडतुसं आम्ही भरतो, ती तिथेच झाडली जातात, नळकांडी परत आमच्याकडे येतात. ही नळकांडी आधी मक्याच्या कणसाच्या भुशात घालून एका थरथरत्या पिंपात घासतात. त्या पिंपाचं झाकण उघडलं की जो वास येतो ना, तो आमच्या खानदेशातल्या खळ्याचा वास. वाळवंटात, तीन कुलपांच्या आत, मक्याचं खळं! पहिल्या दिवशी मी त्या पिंपात इतका वेळ डोकं घातलं की मुश्ताक म्हणाला, "मेल्या, बाहेर ये, नाहीतर तूपण चकाकशील."

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाशी ठिणगीची टिकली, पोटात चिमूटभर बंदुकीची दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. लोक अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतात. गोळी म्हणजे फक्त वरचं टोक, जे उडून जातं. बाकीचा संसार मागे राहतो. उजव्या हाताने प्रेसचा, म्हणजे नळकांड्यांत दारू सोडणाऱ्या हातयंत्राचा, दांडा ओढायचा आणि डाव्या हाताच्या चिमटीने प्रत्येक नळकांड्याच्या तोंडावर एक गोळी उभी करायची, हे माझं काम. पण उभी करायच्या आधी आत डोकवायचं. पोटात दारू आहे ना? एकदाच पडलीय ना? दारू नसलेलं काडतूस गेलं तर गोळी नळीत अडकते. दुप्पट दारूचं गेलं, तर बंदुकीबरोबर माणूसही जातो.

हे डोकावणं मी वडिलांकडून घेतलं. ते दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात होते आणि आयुष्यभर नळकांड्यांत डोकावून त्यांना ती सवयच जडली होती. डब्याला झाकण लावताना आत बघायचे, चपलेत पाय घालताना आत बघायचे. माझ्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर ह्यांनी पलीकडे डोकावून मला मोठ्याने सांगितलं, "तीच आहे रे, सोड आता काळजी." मांडव हसला. मंदा आजही त्याचं उट्टं काढते.

तर अशा माणसाचा मी मुलगा. आणि मशीन यायच्या आदल्या थंडीत माझी डावी चिमूट थरथरायला लागली.

आधी मी गोळीला दोष दिला. मग स्टुलाला. मग दुबईच्या मेट्रोला, जी आमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. गोळी नळकांड्यावर ठेवायला जावं, तर ती नाच करायची, कलंडायची आणि फरशीवर पडायची. टिक्. गोळी पडल्याचा आवाज किती छोटा असतो, तुम्हाला सांगतो! पण त्या बंद खोलीत तो मला देवळाच्या घंटेएवढा ऐकू यायचा.

लोकांनी विचारायच्या आत मी उत्तरं तयार ठेवली. कँटीनच्या मल्याळी कुकला सांगितलं, अरबाबांच्या, म्हणजे क्लबच्या मालकांच्या, ससाण्याने चोच मारली. फाटकावरच्या पठाणाला सांगितलं, उंटाशी हात मिळवला, त्याने सोडलाच नाही. पठाणाने उंटाचं नाव विचारलं, मी तेही सांगितलं. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंना मात्र काही सांगता येईना. त्यांनी हात हातात घेतला, कागदावर मला गोल गोल काढायला लावलं, आणि माझा गोल मक्याच्या कणसासारखा दातेरी आलेला बघून म्हणाल्या, "ये पूरा ठीक नहीं होगा, अंकल. गोली से कम रहेगा." मी म्हटलं, गोळीनेच तर घोळ केलाय. त्या हसल्या नाहीत.

मंदाला व्हिडिओ कॉलवर चित्र हलताना दिसलं.

"हात का हलतोय हो तुमचा?"

"नेटवर्क."

"नेटवर्क गेलं की चित्र अडकतं. असं लटपटत नाही."

"आखाती नेटवर्क आहे ते, तुला काय कळतंय."

ती म्हणाली, "या आता घरी. बस झालं." त्या दिवसापासून ती प्रत्येक फोनचा शेवट ह्याच वाक्याने करते. लोक 'ठेवते' म्हणतात, ही 'या आता घरी' म्हणते.

पण मी का जावं? सांगा ना. पाय धड, डोळे धड, उजवा हात असा की प्रेसचा दांडा म्हणेल पुरे. एका हाताची दोन बोटं वेगळी वागायला लागली, म्हणून अख्ख्या माणसाने बॅग भरायची? घरी जाऊन काय करणार होतो? ओट्यावर बसून ज्याला-त्याला उंटाची गोष्ट सांगणार. थापा मारायलासुद्धा माणसाला नोकरी लागते. बेकार माणसाच्या थापेला कुणी हसत नाही, त्याची कीव करतात. मला कीव नको होती.

त्याच सुमारास मुश्ताकने रोल्लाच्या बाजारातून गालिच्याचा एक तुकडा आणला. "पंधरा दिरहम. म्हणजे साडेतीनशे रुपये. लुटलं बघ मला," म्हणत त्याने तो आमच्या दोघांच्या स्टुलांखाली अंथरला. म्हणाला, गुडघ्यांना गार लागतं. मी म्हटलं, लागत असेल. तेव्हा बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं.

केदार साहेब आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. पुण्याचे, राहायला दुबईत अल मनखूलला, बायको-मुलगी तिथे, रोज पहाटे तीन अमिराती ओलांडून येणार. माणूस वाईट नाही. फक्त घाईत. ते लिफ्टचं बटणसुद्धा असं दाबतात की लिफ्टला अपराधी वाटावं. उन्हाळा उतरणीला लागलेला, हिवाळ्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या आणि ते फोन नाचवत खोलीत आले.

"हे बघा, ऑटोमॅटिक बुलेट फीडर! अप्रूव्ह झालाय."

फोनवर एक पांढऱ्या दाढीचा अमेरिकन होता. स्वतःच्या घरी, गॅरेजमध्ये, पायात सपाता, बाजूला कुत्रा. तो म्हणे छंद म्हणून घरीच काडतुसं भरतो. मुश्ताक बघतच राहिला. "घरी? आपण इथे घरी भरायला बसलो तर चहा उकळायच्या आत पोलीस येतील."

"एक्झॅक्टली, म्हणून आपल्याकडे लायसन्स आहे," केदार साहेब म्हणाले. "पण मशीन तेच. छोटं, घरगुती. बघा आता."

दाढीवाल्याने ओंजळभर गोळ्या वरच्या बादलीत ओतल्या. आत एक तिरकी थाळी फिरायला लागली, तिच्या कडेला खाचा. गोळ्या धक्काबुक्की करत खाचेत चढायच्या. जी नीट बुडावर बसली ती पुढे जाऊन नळीत उतरायची. जी उलटी चढली ती वर जाता जाता घसरून परत ढिगात. नळीतून एकेक गोळी थेट नळकांड्याच्या तोंडावर उभी. टप. टप. टप. दाढीवाल्याचा डावा हात रिकामा होता. त्याने तो कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला होता.

मी त्या हाताकडे बघत बसलो. मशीन कुणाला दिसलं!

"आता टेबलावर एकच ऑपरेटर पुरेल," केदार साहेब म्हणाले. आवाज थोडा खाली आणून. "दुसऱ्याचं काय करायचं ते बघू. चौधरी, तुमचा व्हिसा रिन्यूअलला आहे ना?"

ते गेल्यावर मुश्ताक म्हणाला, "खलास. एक जण गेला."

माझ्या मनात मात्र लाडू फुटत होते, आणि त्यातला प्रत्येक लाडू कडू लागत होता. जे यंत्र दोघांतल्या एकाला घालवणार, तेच माझं औषध होतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळीने जे होणार नव्हतं, ते ह्या गोळ्यांच्या थाळीने होणार होतं. पण समोर मुश्ताक बसलेला. दोन्ही हात सुतारासारखे स्थिर. मी कुठल्या तोंडाने म्हणणार, की टेबल मला दे?

मशीन नवरात्रात आलं. आम्ही दोघांनी ते प्रेसवर चढवलं. म्हणजे मुश्ताकने स्क्रू पिळले आणि मी तोंडाने मार्गदर्शन केलं. थाळी फिरायला लागली आणि खोलीत पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. मी दांडा ओढला. टप. डाव्या हाताला काही कामच नाही. मी तो पँटच्या खिशात घातला आणि रुबाबात दांडा ओढत राहिलो. केदार साहेब दारात उभे होते. त्यांची नजर माझ्या खिशावर गेली.

"चौधरी, फोन वाजतोय तुमचा."

मी खाली बघितलं. खिसा थरथरत होता.

"वाजू द्या, साहेब. बायकोचा आहे."

ते हसून गेले. मुश्ताक हसला नाही. तो गालिच्याकडे बघत होता.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा असते. आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. मग इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला कसं सोडणार? आदल्या रविवारी बसने रोल्लाला गेलो, नारळ, कुंकू, झेंडू आणले. त्या खोलीत काडी ओढायची सोय नाही, म्हणून दिव्याऐवजी बॅटरी लावली आणि नारळ बाहेर पायरीवर फोडला. मुश्ताक झेंडूची माळ धरून उभा होता. "पूजा तू कर. मशीन माझंपण आहे, हार मी घालतो," म्हणाला. मी मशीनला कुंकू लावलं, हात जोडले, आणि भक्तीच्या भरात मूठभर अक्षता टाकल्या. कुठे? वर. सरळ बादलीत.

जगात अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत हे मशीन कितीतरी जण वापरत असतील. त्याच्यात तांदूळ टाकणारे आम्हीच पहिले, हे मी लिहून देतो.

दसऱ्याला प्रात्यक्षिक ठेवलं होतं. अरबाब स्वतः आले. म्हातारा माणूस, बोलणं कमी, अत्तराचा वास जास्त. केदार साहेबांनी इंग्रजीत भाषण केलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यल्ला, चौधरी, करा सुरू." मी डावा हात खिशात घालून दांडा ओढला. टप. टप. टप. अरबाबांच्या भुवया वर गेल्या. आणि मग टप आलंच नाही. थाळी फिरतेय, गारा पडतायत, नळी भरलेली, आणि खाली काही उतरेना.

केदार साहेबांनी वाकून नळीत बघितलं. "काहीतरी पांढरं अडकलंय. हे... तांदूळ आहे?"

मुश्ताकने छताकडे बघितलं.

"चौधरी, काढा पटकन." आणि त्यांनी चिमटा माझ्यापुढे धरला. त्यांच्या दृष्टीने जवळचा रिकामा हात डावा होता. तो मी खिशातून काढला.

चिमटा हातात आला आणि नळीच्या लोखंडावर वाजायला लागला. टरटरटरटर, घोड्याच्या टापांसारखा. खोलीतले सगळे तो ऐकत होते. मी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्या वेळी मुश्ताकने माझ्या हातातून चिमटा अलगद घेतला, दाणा काढला, आणि अरबाबांना म्हणाला, "थोडा कचरा था, अरबाब." अरबाब कॉफी प्यायला गेले. केदार साहेब गेले नाहीत.

"चौधरी, हात दाखवा."

"भविष्य बघताय का साहेब?"

"जोक्स नको. हे कधीपासून आहे?"

ससाणा, उंट, मेट्रो, नेटवर्क, सगळे डोळ्यांपुढून गेले. एकही थांबला नाही. मी म्हणालो, "मागच्या थंडीपासून."

"यू शुड हॅव टोल्ड मी. हा सेफ्टी इश्यू आहे! दारूच्या खोलीत!" मग त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि तेच मला सहन झालं नाही. "हे बघा, खूप वर्षं केलंत. आता घरी जा, आराम करा."

"आराम करायला कुणी रास अल खैमाला येतं का, साहेब?"

"चौधरी..."

"नाही, आता ऐका. ह्या मशीनचं काम काय? गोळी उचलायची आणि ठेवायची. म्हणजे डाव्या हाताचं. तुम्ही अमेरिकेहून एक डावा हात मागवलाय. बरोबर? आणि अख्ख्या क्लबात ज्या एका माणसाला डावा हात हवा होता, त्यालाच घरी पाठवताय. मुश्ताकला दोन आहेत. त्याला तिसरा कशाला?"

मुश्ताक म्हणाला, "बरोबर बोलतो."

"तू गप रे!" मी ओरडलो. माझ्या बाजूने बोलणाऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो.

"आणि सेफ्टीचं काय?" केदार साहेबांनी विचारलं. प्रश्न खरा होता, त्याला थाप चालणार नव्हती.

"दारूच्या डब्याला मी हात लावणार नाही. भरणं, मोजणं, अडकलेलं काढणं, सगळं दुसऱ्याने करावं. मी उजव्या हाताने दांडा ओढीन आणि डोळ्यांनी आत बघीन. आजपर्यंत माझे निम्मे डोळे गोळी पडते की काय ह्यातच जात होते. आता पूर्ण आत जातील. चालवू? तुम्ही बाजूला बसा, आणि प्रत्येक काडतूस काट्यावर घाला. एक जरी चुकलं, तरी बॅग भरतो. पण मी बघत बघत ओढणार. तुमच्या घाईने नाही."

"मग फीडर घेऊन फायदा काय?"

"माझ्या सावकाशीनेसुद्धा दुप्पट होतील. घाई करायला तुम्ही आहातच."

त्यांनी स्टूल ओढलं. मी डावा हात खिशात घातला, उघड, सगळ्यांसमोर, आणि दांडा ओढला. डोकव, ओढ, टप. डोकव, ओढ, टप. ते प्रत्येक काडतूस काट्यावर ठेवत होते, कपाळावर आठी. थोड्या वेळाने मी थांबलो.

"काय झालं? परत तांदूळ?"

"या, बघा."

ते वाकले. त्यांचं डोकं आणि माझं डोकं त्या छोट्या पितळी विहिरीवर. तळ कोरडा होता. दाणा काढताना दांडा मागेपुढे झाला होता, तेव्हाच ह्या एकाचा घास चुकला असणार. केदार साहेबांचं इंग्रजी कुठच्या कुठे गेलं. हळूच म्हणाले, "रिकामं आहे हो."

"मग हे झाकू की दाखवू?"

त्यांनी ते नळकांडं काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हा एक सीझन बघू."

"बघूच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुश्ताक स्टुलांखालचा गालिचा गुंडाळत होता. म्हणाला, मैदानावर मातीच्या तबकड्या उडवायच्या यंत्रावर माणूस हवा होता, साहेबांना सांगून आलो. इथे रोज दारू भरायला येऊन जाईन. बंद खोलीत मला गुदमरतं.

"आजवर नाही गुदमरलं ते?"

"आता वय झालं ना."

"आणि गालिचा कुठे नेतोस? गुडघ्यांना गार नाही का लागणार?"

तो गुंडाळता गुंडाळता थांबला. गालिच्याच्या केसांत काही चमकलं. त्याने तो पायरीवर नेऊन झटकला आणि गोळ्या पडायला लागल्या. एक, दोन, मग ओंजळभर. उन्हाळाभर माझ्या चिमटीतून निसटलेल्या, आवाज न होता पडलेल्या. काही मुश्ताक रोज गुपचूप उचलून डब्यात टाकत असे, ह्या त्यातून राहिलेल्या.

"आता तुझ्या हातातून काय पडणार नाही," तो म्हणाला. "मग कशाला ठेवू?"

मला काहीतरी मोठं, भरघोस, खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. मी म्हणालो, "पंधरा दिरहम वाया गेले तुझे."

"साडेतीनशे रुपये," तो म्हणाला आणि गालिचा खांद्यावर टाकून उन्हात चालायला लागला.

ती थंडी मी अशी काढली की राजाने काढली नसेल. सकाळी धुकं, पिंपात मक्याचं खळं, थाळीच्या गारा. दुपारी डोंगराच्या सावलीत मुश्ताकच्या तबकड्या आकाशात फुटायच्या आणि त्याच्या शिव्या वाऱ्यावर माझ्यापर्यंत यायच्या. सुटीच्या दिवशी क्लबामागे कोळशावर वांगी भाजायचो. इथली वांगी आमच्याकडच्या हिरव्या, भरताच्या वांग्यांपुढे म्हणजे बटणं; पण कांद्याची पात घातली, मिरची-लसूण ठेचून घातला, की डोळे मिटल्यावर फरक कळत नाही. डोळे मिटायची अट आहे. मुश्ताक शेजारच्या निखाऱ्यांवर सुरमई ठेवायचा आणि माझ्या भरताला नावं ठेवत माझंच भरीत संपवायचा.

एकदा केदार साहेब मुलीला घेऊन आले. तिने माझ्या खिशाकडे टक लावून बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "अंकल, दॅट्स नॉट युअर फोन."

"मग काय आहे?"

"आय वोन्ट टेल एनीवन." आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. अख्ख्या क्लबाला तोवर माहीत झालं होतं. तरी त्या पोरीने माझं गुपित जपलं, हे मला फार आवडलं. मी तिला उंटाचं नाव सांगितलं.

तो एक सीझन संपला. मग दुसरा 'एक सीझन' आला, मग आणखी. व्हिसा होत गेला. साहेब प्रत्येक वर्षी म्हणतात, बघू. मी प्रत्येक वर्षी म्हणतो, बघूच.

यंत्राने माणसाची नोकरी जाते असं सगळे म्हणतात. जात असेल. माझी यंत्राने राखली, आणि ते यंत्र काही दयाळू नाही. तिरकी थाळी आहे ती, तिला माझं नावही माहीत नाही. पण ती एक गोष्ट करते, जी माणसांना जमत नाही. उलट्या आलेल्या गोळीला ती मोडीत काढत नाही. परत ढिगात पाठवते. पुन्हा ये, नीट बसशील तेव्हा जा. मी तिच्यासमोर बसून हे रोज बघतो, आणि मला वाटतं, मीही त्या ढिगात कितीदा परत पडलोय. पडलो तर पडलो. थाळी फिरतेय ना?

आता कंप कोपरापर्यंत आलाय. खोटं सांगत नाही, थंडीत सदऱ्याची बटणं लावायला मला इथून मुंबईला पोचायला विमानाला लागतो तेवढा वेळ लागतो. उजवा हात अजून शहाणा आहे. त्याच्याशी मी रोज बोलतो, शेजाऱ्याच्या नादी लागू नको म्हणून सांगतो. तो कधी ऐकायचं बंद करेल, ते मला माहीत नाही. तो दिवस आला, की ज्या माणसाने रिकामं नळकांडं कधी झाकलं नाही, तो स्वतःचंही झाकणार नाही. स्वतः साहेबांना जाऊन सांगेन, ह्या वेळी कुणी चिमटा पुढे करायच्या आत. पण तो दिवस मी ठरवणार. डॉक्टरीणबाई नाही, साहेब नाही, हे दोन आगाऊ बोटांचं टोळकंही नाही.

काल रात्री मंदाचा फोन आला होता. धान्य, शेजारच्या लग्नाची गडबड, भाचीची परीक्षा, आणि शेवटी तिचं ते वाक्य. मी म्हटलं, "अगं, सीझन सुरू होतोय." ती म्हणाली, "तुमचा कुठला सीझन संपतो?" आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आज खोलीत आलो. मुश्ताक आधीच दारू भरून, डब्याला कुलूप लावून मैदानावर गेला होता. टेबलावर माझ्यासाठी झाकलेला करक, म्हणजे कडक दुधाचा चहा, कप निम्माच भरलेला, सांडू नये म्हणून. मी बादलीत उजव्या हाताने गोळ्या ओतल्या. थाळीला बोटभर कुंकू लावलं. अक्षता नाहीत. डावा हात खिशात घातला. दांड्याला हात घालतो, तोच दारात सावली पडली.

केदार साहेब. केसांत चांदी यायला लागलीय त्यांच्याही. हातात फोन, कपाळावर स्पर्धेची आठी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशाकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे.

"चौधरी," ते म्हणाले, "फोन वाजतोय तुमचा."

मी नळकांड्यात डोकावलो. होती, दारू होती.

"वाजू द्या, साहेब," मी म्हटलं, आणि दांडा ओढला.